मेव्हण्याचा अंगठा

घण्या म्हणजे अंगाने रेडा आणि रागाने नुसता भडका. डोंगराच्या कुशीत क्रोमची एक लहानशी खाण होती. पोलादाला चकाकी देणारा काळाकुट्ट दगड तिच्यात निघायचा. इतका जड, की गड्याच्या तोंडून आधी शिवी सुटायची, मग पाटी हलायची. तिथे घण्या घण मारायचा. सुरुंगाचं भोक पाडायला जोडी लागते. एकाने लांब छिणी खडकाला लावून धरायची, घावागणिक जराशी फिरवायची, दुसऱ्याने हाणायचं. त्या दणदणाटात बोललेलं ऐकू येणार कुणाला? म्हणून रीत अशी, की थांबवायचं असेल तर धरणाऱ्याने छिणीच्या डोक्यावर अंगठा ठेवायचा. अंगठा दिसला की घण हवेतच आवरायचा.

घण्याची छिणी धरायचा त्याचा मेव्हणा. एका सकाळी तो सगळ्यांदेखत म्हणाला, "दाजी, माझ्या बहिणीवर पुन्हा हात टाकलात, तर तोच हात उपटून तुमच्या काखेत देईन!"

गडी खो खो हसले. घण्याने मेव्हण्याच्या अशी कानाखाली काढली, की तो पाट्यांच्या ढिगावर जाऊन पडला.

"मस्ती दगडावर जिरवा!" म्हणत मुकादमाने दोघांना बोगद्यात पिटाळलं.

घण्या हाणू लागला. नजर हवी छिणीच्या डोक्यावर, ती होती मेव्हण्याच्या सुजल्या गालावर. एवढ्यात छत करकरलं. मेव्हण्याने झटकन अंगठा ठेवला. घण आला तो थेट त्या अंगठ्यावर.

"मुद्दाम मारलंत!" मेव्हणा किंचाळला आणि दुसऱ्या, धड हाताने छिणी उचलून त्याने घण्याचा कान फोडला. दोघे चिखलात एकमेकांचे गळे आवळत असताना वरून खडक कोसळू लागला. घण्याने मेव्हण्याला केसांना धरून फरफटत बाहेर काढलं. आणि गंमत बघा, तो गडी घण्याच्या मनगटाचा चावा न सोडताच बाहेर आला!

अंगठा कापावा लागला. घण्याची छिणी धरायला मग कोण तयार होणार? मुकादम म्हणाला, "उद्या जोडीदार आण, नाहीतर घण ठेव आणि चालता हो." घण्या दारोदार फिरला. लोकांनी आपापले अंगठे मुठीत लपवून दाखवले.

सकाळी बोगद्यात त्याची बायको येऊन बसली. पदर खोचला, छिणी खडकाला लावली.

"अगं, तू?"

"हाणा. भावाचा अंगठा दिसला नाही तुम्हाला. माझा दिसतो का बघू."

घण्याने हाणलं. तिने अंगठा ठेवला. घण वरच थांबला. पुन्हा घाव, पुन्हा अंगठा. कधी लागोपाठ, कधी घण अर्ध्यावर आल्यावर. काम सोडून गडी बघत उभे. शेवटी घण टाकून घण्या मटकन खाली बसला.

"बास गं! जीव जाईल माझा."

"तुमचा हात उठला की माझा रोज जायचा," ती म्हणाली. "उठा. भोक अजून वीतभर बाकी आहे."