पिवळ्या पिशवीतली कवळी

दवाखान्यात कचरा उचलणाऱ्या बाईनं माझी कवळी पिवळ्या पिशवीत टाकली आणि वर गाठ मारली. हिरडीचं रक्त पुसलेल्या कापसात कवळी मीच गुंडाळून ठेवली होती.

बाई फुलंब्रीहून यायची. कोंबडीची मान पिळावी तशी पिशवीची मान पिळायची आणि खुदकन हसायची.

"सोड गं गाठ! माझे दात हायत आत."

"बांधलेली पिशवी सोडत नसत्यात, आजी. ती आता भट्टीत जाती."

मी गाठीला हात घातला. तिनं फटकन चापट मारली.

"आत कुणी सुई टाकली आसंल तर? दात नवे मिळतेत. आजी नवी कुठून आणू?"

कवळी जळाली. भाकरी कालवणात कुस्करून खाताना मी घासाघासाला त्या बाईला शिव्या देते. दोघी जिवंत आहोत.