आजेसासूबाई पडद्यावर विरघळल्या तेव्हा

वेबसाइट बनवतो, एवढं सांगून त्या काळी जालन्यात मुलगी मिळत नसे. म्हणून हे स्थळ आणणाऱ्या माझ्या आत्याने मुलीच्या वडिलांना निरोप धाडला, की आधी मुलाचं काम डोळ्यांनी बघा, मग बोलू. जालन्यातच मस्तगड भागात माझं दोन कॉम्प्युटरचं दुकान होतं. पाहुणे बसवायचे तर त्यातला एक उचलून खाली ठेवावा लागे.

मुलगी मला पसंत होती. घाई मात्र त्यांच्याकडे होती. कुंभार पिंपळगावला मुलीची आजी अंथरुणाला खिळलेली, आणि तिला नातीवर अक्षता टाकायच्या होत्या. वडील त्याच आठवड्यात मला होकार देणार होते, नाहीतर दुसरं स्थळ धरणार होते.

शहाण्याने एखाद्या बियाण्याच्या दुकानाची साइट दाखवली असती. मी त्यांच्याच घराण्याची बनवली. आत्याकडून फोटो मागवून स्कॅन केले, एकेकाला एकेक पान दिलं. वर एका पानावरून दुसऱ्यावर जाताना इफेक्ट. कधी पान दारासारखं मधून उघडे, कधी पट्ट्यापट्ट्यांनी येई. प्रत्येक प्रकाराला आकडा होता. तेवीस टाकला की कॉम्प्युटर आपल्या मनाने कुठलाही प्रकार निवडे. मी सगळीकडे तेवीस टाकला, आणि नीट दिसावं म्हणून वेळ दिली पाच सेकंद.

आत्या मुलीच्या वडिलांना आणि मामांना घेऊन आली. वडिलांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. गाव, शेत, मारुतीचं देऊळ, पानं झकास उघडत गेली. मामा मान डोलवत होते. मग आजीचा फोटो आला. वडील खुर्चीत पुढे सरकले. मी ऐटीत पुढचं पान उघडायला घेतलं.

कॉम्प्युटरने नेमकं विरघळणं निवडलं.

आधी गालावर ठिपके पडले, मग डोळ्यावर. मामांची मान थांबली. आजी कणाकणाने गेली आणि तिच्या जागी पुढच्या पानावरच्या दोन म्हशी उभ्या राहिल्या.

वडिलांनी टोपी डोक्यावर चढवली. म्हणजे माणूस निघाला, एवढं मलाही कळत होतं.

"आमची माय कुठं गेली?" त्यांनी हळूच विचारलं.

मागच्या पानावर आहेत, मी म्हणालो.

"मंग आणा वापस. जल्दी."

मागे जायचं म्हणजे पुन्हा तेवीस. त्यात आमचा कॉम्प्युटर मध्येच अडकायचा, आणि अडकला तर अर्धी आजी, अर्धी म्हैस. आत्या तोंडाला पदर लावून दारात उभी. मी बटण दाबलं. पुन्हा ठिपकेच! पण आता म्हशी जात होत्या. कपाळ आलं, एक डोळा आला. दुसऱ्याने फार वेळ घेतला. शेवटी आजी होती तशी, पुरती बसलेली दिसली.

वडील बराच वेळ बघत राहिले. "आता हात लावू नका," ते म्हणाले. "आम्ही हाय तवर असंच ऱ्हाऊ द्या."

पुढची सहा पानं कुणी पाहिली नाहीत. चहा आजीसमोर झाला, बोलणीही तिच्यासमोरच. उठताना वडील आत्याला म्हणाले, जवळची तारीख धरू, आता थांबायला नको. होकार माझ्या कलेला नव्हता. माझ्या कलेने त्यांना घाबरवलं होतं, एवढंच.

आजी जीपमधून आली, खुर्चीत बसून तिने अक्षता टाकल्या. पुढे लग्नाची कॅसेट जोडताना व्हिडिओवाल्याने मोठ्या हौसेने विचारलं, कोणते इफेक्ट टाकू? मी म्हणालो, काय टाकायचे ते टाक, फक्त आजी दिसेल तिथे साधं जोड.