ग्रॅहमच्या वाडग्यातली पूड

माझ्या चिमटीत पूड होती, तेव्हा ग्रॅहम हळूच म्हणाला, "आजी, ती मार्गरेट आहे."

मला वाटलं, मागं कुणी उभं आहे. वळून बघितलं. कुणी नव्हतं.

"कोण मार्गरेट?"

"माझी बायको."

हात तिथंच थांबला.

मी परदेशात, अवोन्डेलला लेकीकडं राहते. नवरा गेल्यावर इकडं आले. शाळा चौथीपर्यंत. गावाकडं खानावळीत पोळ्या लाटल्या, लोकांची धुणी धुतली. चित्रं काढता येत नाहीत, रांगोळी येते. दारातली रांगोळी बघून मेरेनं मला टीचर केलं. मेरे माओरी आहे, इथल्या मूळच्या लोकांतली; इथला कम्युनिटी स्टुडिओ तीच चालवते. तिचं म्हणणं एकच, नो प्रेशर. कुणाला चुकलं म्हणायचं नाही, फार विचारायचं नाही. पूडसुद्धा ज्यानं त्यानं घरून आणावी. कुणी मैदा आणतं, कुणी समुद्रावरची काळी वाळू.

ग्रॅहमनं करडी पूड आणली होती. सत्तरीचा माणूस, बोलायचा कमी. त्याची रेघ तुटत होती. पूड अंगठा आणि बोटाच्या मधून सारखी सुटावी लागते, ते करूनच दाखवावं लागतं. म्हणून मी त्याच्या वाडग्यात बोटं घातली.

नवऱ्याची राख सावडायला मीच गेले होते, मुलगा नव्हता म्हणून. तरी ओळखलं नाही. इथं ती दळून बारीक करून देतात, हे मला नंतर कळलं.

चिमटी आता झटकणार कुठं? त्याच्या फुलाची पाकळी अर्धी राहिली होती. तिच्यावरच हळूहळू सोडली. दुसरं काही सुचलं नाही.

त्याच टेबलावर सगळ्यांचे चहाचे कप होते, खायला स्कोन होते. मी उठून मेरेच्या कानात सांगितलं. तिचा चेहरा उतरला. तिनं कप-बशा उचलल्या आणि बाकीच्यांना बाहेर नेलं. माओरी लोकांत मेलेल्या माणसाचं आणि खाण्याचं एकत्र येऊ देत नाहीत.

मग ग्रॅहम बोलला. पहिल्या दिवशी मी वर्गात सांगितलं होतं, रांगोळी सकाळी झाडून टाकतात, कुणाला वाईट वाटत नाही. ते त्यानं धरून ठेवलं होतं. मार्गरेटला कुठं ठेवावं तेच त्याला ठरवता येत नव्हतं. म्हणून तिच्या राखेचं फूल काढायचं आणि मी ते झाडायचं, असं त्यानं ठरवलेलं. कोपऱ्यातला झाडू आणून माझ्यापुढं धरला.

"तू झाड, आजी. माझ्यानं होत नाही."

आमच्यात माणसाला झाडू लावत नाहीत. मी तो भिंतीला टेकवला.

"झाडू लागणार नाही. हातानं गोळा करायचं. ते पण तूच."

"मला जमणार नाही."

"जमवायचं."

त्या स्टुडिओत मी कुणाला असं पहिल्यांदा बोलले. माझं इंग्लिश मोडकं, गोड करून सांगता येत नाही.

त्यानं बाह्या वर सारल्या. मग तळहाताच्या कडेनं एकेक पाकळी ओढायला लागला. मी टेबलाच्या कडेला कागद धरला. फुलाच्या मध्ये भरलेला पिवळा रंग सगळ्या राखेत मिसळला.

"पिवळा तिला अजिबात आवडायचा नाही," तो म्हणाला.

"मग घातलास कशाला?"

"तुमच्याकडं तेवढाच उरला होता."

लाकडाच्या रेषांत थोडं राहिलं. मेरे आत आली, तिनं ओल्या फडक्यानं पुसलं, फडकं बाहेर झाडाच्या बुंध्याशी पिळलं. मग तिनं भांड्यानं तिघांच्या हातांवर पाणी घातलं. मयताहून आल्यावर आपल्याकडंही पाणी घेतातच. कुणी कुणाला समजावून सांगितलं नाही.

त्या टेबलावर परत चहा झाला नाही. मेरेनं दुसरं आणलं.

काही आठवड्यांनी ग्रॅहम आला. मी विचारलं नाही, त्यानंच सांगितलं. हॅमिल्टनला मार्गरेटच्या आईच्या थडग्याशेजारी तिला पुरून आला. पिवळ्यासकट.

मी अजून शिकवते. फक्त विचारल्याशिवाय कुणाच्या वाडग्यात बोट घालत नाही.