फोन त्यांनी स्वतः केला नाही

कोपरगावजवळच्या एका कारखान्यात मी बरीच वर्षं एचआरमध्ये होतो. आता कंपन्यांना हजेरीचं सॉफ्टवेअर बसवून देतो. म्हणजे पूर्वी माझ्या दारात जे विक्रेते ताटकळायचे, त्यांच्यातलाच आता मी एक.

गेल्या उन्हाळ्यात श्रीरामपुरात एका बिस्किटांच्या कंपनीत गेलो होतो. तिथल्या एचआर मॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या. वेळ दिली होती सकाळची, पण त्यांच्या टेबलाभोवती माणसं हटेनात. कुणाला रजा हवी, कुणाचं सुपरवायझरशी वाजलेलं. मी वाट बघत बसलो. एचआरच्या खुर्चीत पाणी प्यायला सवड मिळत नाही, हे मला ठाऊक होतं.

शेवटी लॅपटॉप उघडला, तोच त्यांचा फोन वाजला. दुपारच्या पाळीच्या बायकांना देवळाली प्रवराहून आणणारी बस रस्ता सोडून उसात घुसली होती. जिवावर कुणाच्या बेतलं नव्हतं, पण रडारड चालू होती.

पुढचं मला दिसायलाच लागलं. बातमी गावात पोचणार, वाटेत फुगणार आणि घरची माणसं गेटवर धडकणार. मी म्हणालो, "मॅडम, गेट मी सांभाळू? हे मी केलेलं आहे."

"सांभाळाल? बरं होईल सर." एका फोनवर त्या ॲम्ब्युलन्स मागवत होत्या, दुसऱ्यावर बसमधल्या एका बाईशी बोलत होत्या. "ताई, आधी सगळ्यांना बांधावर बसवा. मग प्रत्येकीनं आपापल्या घरी फोन लावायचा. मी नाही करणार, तुम्हीच बोला. घरच्यांना तुमचा आवाज ऐकू दे. त्या नव्या मुलीकडे मोबाईल नाही, तिला तुमचा द्या."

मी दारातच थबकलो. असा प्रसंग आला की आम्ही ऑफिसातून भराभर फोन करायचो, "काळजी करू नका" म्हणायचो, आणि त्या शब्दांनीच माणसं घाबरायची.

गेटवर गर्दी झालीच नाही. एक म्हातारबाबा तेवढे मोटारसायकलवर मागे बसून आले. "माझी सून कुठंय? लई लागलं म्हनत्यात."

"घरी फोन नाही आला, बाबा?"

"म्या रानात हुतो."

मॅडमकडून बसमधल्या त्या ताईंचा नंबर घेऊन मी फोन लावला, बाबांच्या सुनेला बोलवायला सांगितलं आणि मोबाईल बाबांच्या कानाला धरला. पलीकडून आवाज आला, "मामा, मी बरी हाय. ऊन लागतंय, तुमी घरी जा बरं."

म्हातारबाबा गेटच्या कट्ट्यावर बसले. "मलाच घरी जा म्हनती," ते हसत म्हणाले आणि उपरण्यानं डोळे पुसू लागले.

उन्हं उतरल्यावर मी आत गेलो. मॅडम दवाखान्यातून नुकत्याच परतल्या होत्या आणि पुन्हा कुणाच्या तरी रजेचं ऐकत होत्या. मला बघून ओशाळल्या. "सर, तुमचं राहिलंच. पाच मिनिटांत दाखवता?"

"आज नको. तुम्हाला निवांत असेल तेव्हा बोलवा."

पुढच्या आठवड्यात त्यांनी बोलावलं, काम झालं. पण अपघाताच्या त्या संध्याकाळी गाडीत बसल्यावर किल्ली फिरवायचं मला सुचेना. आयुष्य ज्या कामात गेलं, ते इतक्या मायेनं करता येतं, हे मी पहिल्यांदा पाहिलं होतं.