मालनबाईंचे कोरडे हात

नर्सिंग होम चांगलं की वाईट, हे आपल्या लोकांना जिन्यातच कळतं. जिन्याच्या फरशा गुळगुळीत असल्या, वर पोचल्यावर पडद्यांवर फुलं असली आणि डॉक्टरांच्या खुर्चीमागे विलायतेच्या बर्फात उभं राहून काढलेला त्यांचा फोटो असला, की रोगी बरा झालाच म्हणून समजायचं. बर्फाचा आणि अर्धांगाचा काय संबंध, असं कुणी विचारत नाही. मीही कधी विचारलं नाही. मला बर्फाचे फोटो बघायला आवडतात.

आमच्या चाळीत हे विचारणारं एकच माणूस होतं. मालन धाकू साळवी. जोगेश्वरीला आमची चाळ, आणि चाळीत नळाला अगदी लागून मालनबाईंची खोली. धाकू जिवंत होता तेव्हाही घरात बोलण्याचं खातं बाईंकडेच होतं, त्यामुळे तो गेला तेव्हा चाळीला आवाजात फारसा फरक जाणवला नाही. पालिकेच्या एका मोठ्या इस्पितळात अठ्ठावीस वर्षं त्या आया होत्या. सदुसष्ट साली निवृत्त झाल्या तेव्हा मेट्रननं त्यांना एक नारळ दिला आणि भाषणात त्यांचं नाव मालतीबाई असं घेतलं. बाईंनी नारळ घरी आणून फोडला, चाळभर वाटला, आणि मेट्रनचा उद्धार प्रत्येक खोबऱ्याच्या तुकड्याबरोबर वेगळा केला.

तो काळ नर्सिंग होमांच्या पिकाचा होता. पार्ले म्हणा, अंधेरी म्हणा, घाटकोपर म्हणा, जिथे खाली साड्यांचं दुकान तिथे वर नर्सिंग होम, असा नियमच होऊन बसला होता. सरकारी इस्पितळात जमिनीवर गाद्या पडायच्या, म्हणून लोक पोटाला चिमटा घेऊन खाजगीत जायचे. आणि जाण्याआधी, घर बघायला जाणकार माणूस न्यावा तसे मालनबाईंना पुढे घालायचे. बाई आढेवेढे घ्यायच्या. आढेवेढे घेता घेता चपला घालायच्या.

त्यांची तपासणी मी दोनदा बरोबर जाऊन पाहिली आहे. चार ते सहा ही भेटायची वेळ, तर बाई जायच्या तीनला. चार वाजता सगळीच नर्सिंग होमं नवरीसारखी सजलेली असतात, त्यांना पारोशा तोंडानं बघायचं तर तीनला जावं, असं त्यांचं म्हणणं. हातात चार केळी, म्हणजे कुणी अडवलं तर पेशंटला द्यायला आले म्हणता यावं. आत शिरल्यावर पहिल्यांदा नाक. फिनाईलचा वास नसला तर वाईट, फार असला तर त्याहून वाईट. मग पाण्याचा पेला रोग्याच्या कुठल्या बाजूला ठेवलाय ते बघायचं. मग घंटा दाबून बोटांची पेरं मोजत बसायचं. दोन्ही हातांची पेरं संपेपर्यंत कुणी आलं नाही, तर तिथलं पुढचं काही बघायच्या नाहीत. आणि शेवटी, सगळ्यात मुख्य म्हणजे, झोपून असलेल्या रोग्याला कुशीवर करून त्याच्या पाठीखाली हात घालायचा. चादर ओली आहे, सुरकुतलीय, बिस्किटाचा चुरा टोचतोय, माकडहाडावरची कातडी गरम लागतेय, हे सगळं तो हात वाचून यायचा. वळवायचं माणसाला दर दोन तासांनी. ते वळवतात की नाही, हे पाठीला विचारायचं, डॉक्टरला नाही.

पार्ल्याच्या एका नर्सिंग होममध्ये दाराशी रंगीत माशांची काचेची पेटी होती. लोक पेटीवर इतके खूश, की आपला माणूस आत कशासाठी ठेवलाय हे विसरायचे. बाईंनी विचारलं, माशांचं पाणी कधी बदलता? आठवड्यातून दोनदा, असं अभिमानानं उत्तर आलं. मग पेशंटची चादर? त्यावर कंपाउंडर माशांकडे बघत राहिला. ही गोष्ट पार्ल्याहून अंधेरीला बाईंच्या आधी पोचली. त्यात थोडा हात माझा होता. बरी गोष्ट माझ्याजवळ फार वेळ टिकत नाही.

तपासणीहून परत आल्या, की बाई कुणाशी बोलायच्या नाहीत. सरळ नळावर. लाल साबणानं कोपरापर्यंत हात धुवायच्या, पदराला पुसायच्या आणि मग निकाल सांगायच्या. आम्ही सगळे गॅलरीत रांगेनं उभे. मॅट्रिकच्या निकालाला एवढी गर्दी होत नसे.

एकोणीसशे सत्तरच्या उन्हाळ्यात आमच्या लवू परबाच्या बायकोला, शेवंतीला, अर्धांगाचा झटका आला. लवू गिरणीतून निवृत्त झालेला मालवणी माणूस. भित्रा, लाजाळू, आणि बायकोशी चारचौघांत बोलायचं झालं तर भिंतीकडे बघून बोलणारा. शेवंतीची वाचा गेली, उजवं अंग गेलं. सरकारी इस्पितळानं पंधरा दिवसांत घरी न्या म्हणून सांगितलं. घरी एक खोली, दुसरा मजला, मूलबाळ नाही, आणि लवूला चहा करण्यापलीकडे काही येत नव्हतं. तोही शेवंती सांगायची तेव्हाच यायचा.

अंधेरीला डॉक्टर श्यामसुंदर यांचं 'सुखशय्या नर्सिंग होम' नवीन निघालं होतं. खाली साड्या होत्याच. लवू मालनबाईंकडे आला.

"माका त्यातला काय कळता?" तो म्हणाला. "तुमी बघून येवा. तुमी हो म्हणालात तर ठेवतंय, नाय म्हणालात तर नाय."

बाई केळी घेऊन तीनला निघाल्या आणि पाचला आल्या. नळाशी न थांबताच बोलायला लागल्या. झकास आहे म्हणाल्या. पडदे आहेत, फरशी आरशासारखी आहे, डॉक्टर तर काय सोन्यासारखा माणूस. उद्याच घेऊन जा म्हणाल्या. त्यांचा साबण खिडकीत कोरडाच होता, हात कोरडेच होते. ते मी पाहिलं. पाहून गंमत केली, की आज निकाल आधी आणि पेपर नंतर. सगळे हसले, बाईही हसल्या, आणि लवू टॅक्सी बघायला गेला.

तिथे काय झालं होतं ते मला नंतर कळलं, तिथल्या नॅन्सीकडून. नॅन्सी अंधेरीजवळच्या आंबोलीची, टोपीवाली नर्स, तिचा मामा माझ्याबरोबर पत्ते खेळायचा. झालं ते असं. माशांच्या गोष्टीमुळे डॉक्टर श्यामसुंदर सावध होते. केळीवाल्या बाई जिन्यावर दिसल्याबरोबर ते खुर्चीतून उठले, दोन्ही हात जोडले आणि म्हणाले, "या, सिस्टर."

अठ्ठावीस वर्षं बाईंना 'ए बाई' म्हणून, 'आया, भांडं आण' म्हणून हाका मारल्या गेल्या होत्या. मुलीच्या वयाच्या नर्सा चुटकी वाजवून बोलवायच्या. इस्पितळात खुर्ची पुसायची असते हे त्यांना माहीत होतं, तिच्यावर बसायचं असतं हे नव्हतं. इथे डॉक्टरांनी गादीची खुर्ची ओढून दिली, बशीसकट कपातून चहा आला. तुमच्यासारख्या अनुभवी सिस्टरला मी काय सांगणार, असं म्हणत त्यांनी दोन केसेसची चर्चासुद्धा केली. बाईंनी एका केसमध्ये मान डोलावली, दुसऱ्यात शंका काढली. मग डॉक्टरांनी वॉर्डाच्या दाराशी नेऊन पडदा बाजूला केला. गळ्यापर्यंत ओढलेल्या पांढऱ्या चादरी, ओळीनं. दारातून सगळंच स्वच्छ दिसतं. सिस्टर मान डोलावून परत फिरल्या. पाठीखाली हात घालणं हे आयाचं काम.

शेवंती सुखशय्येत दाखल झाली. लवू रोज चारच्या ठोक्याला हजर. ती वेणी घालून, तोंडाला पावडर लावून, चादरीत गुंडाळलेली असायची. हा स्टुलावर बसून पंख्याकडे बघायचा. तीन आठवडे असे गेले, आणि एका संध्याकाळी लवू नळावर पाय धुताना मला हळूच म्हणाला, की बायको जरा बिघडलीय. म्हणजे कशी? तर तो कानापर्यंत लाल झाला. रोज आपलं मनगट धरते म्हणाला, डाव्या हातानं, घट्ट, आणि आपला हात चादरीखाली ओढते. स्वतःच्या पाठीकडे. समोर दोन पेशंट, त्यांचे नातेवाईक. आपण हात काढून घेतो. 'लोका बघतत गो' म्हणून सांगितलं तरी ऐकत नाही, डोळ्यांत पाणी आणते.

आता असली गोष्ट माझ्या हाती देणं म्हणजे मला जेवायला बोलवण्यासारखंच. मी म्हटलं, लवूशेठ, चाळीस वर्षं भिंतीकडे बघितलंस, ती आता वसूल करतेय. गॅलरीतून आणखी दोघांनी भर घातली. लवूही लाजत लाजत हसला.

मालनबाई खिडकीत तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं. तोंड पांढरं पडलं होतं.

"कुठे ओढते हात?" त्यांनी विचारलं. "नीट सांगा, लवूभाऊ. कमरेच्या वर की खाली?"

लवूनं भिंतीकडे बघून सांगितलं, की खाली. बाई उठून चपला घालायला लागल्या, पण सहा वाजून गेले होते; चपला पुन्हा काढून ठेवल्या. मी गंमत करायला तोंड उघडलं आणि का कोण जाणे, मिटलं.

दुसऱ्या दिवशी तीनला त्या सुखशय्येत गेल्या. डॉक्टरांनी खुर्ची ओढली, ती ओढलेलीच राहिली. बाई थेट वॉर्डात. पाण्याचा पेला शेवंतीच्या उजव्या हाताशी, म्हणजे गेलेल्या हाताशी. घंटा त्यापलीकडे. नॅन्सीला हाताशी घेऊन बाईंनी शेवंतीला कुशीवर केलं आणि चादर दूर केली. माकडहाडावर बंद्या रुपयाएवढी जखम होती, कडा काळ्या पडलेल्या. नॅन्सी खाली बघून म्हणाली, की चौदा पेशंटना दोन आया, त्यातली एक डॉक्टरांच्या घरी स्वयंपाकाला. उरलेली म्हणते, मी एकटी किती जणांना वळवू.  शेवंतीनं डाव्या हातानं बाईंचं मनगट धरलं, ते सोडेना.

संध्याकाळी सगळी चाळ गॅलरीत. आता डॉक्टरचं काही खरं नाही, या खात्रीनं मीही माझी खुर्ची पुढे ओढून घेतली होती. बाई नळावर गेल्या. हात धुतले, कोपरापर्यंत, पुन्हा एकदा धुतले. आणि लवूसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"लवूभाऊ, मी त्या दिवशी आत गेलेच नव्हते. चहा प्यायले आणि दारातून बघून आले. शेवंतीच्या पाठीला जखम झालीय. ती तुम्हाला तेच दाखवत होती."

एवढंच. मेट्रनच्या नावानं चाळ हलवणारी बाई डॉक्टरचं नावसुद्धा न घेता थांबली. लवू पहिल्यांदाच भिंतीकडे न बघता तिच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, की आता काय करू? घरी कशी आणू? बाई म्हणाल्या, आणू नका, सध्या हलवायची नाही. बाकीचं मी बघते.

सकाळी त्या निघाल्या तेव्हा अंगावर इस्पितळातलं जुनं निळ्या काठाचं पांढरं लुगडं होतं. ट्रंकेच्या घड्या तशाच पडलेल्या. केळी नव्हती. डॉक्टर श्यामसुंदर हरखले. परीक्षकच नोकरीला येतोय म्हटल्यावर कुणीही हरखेल. सिस्टर आमच्याकडे येणार, ही आमची केवढी इभ्रत, असं काहीतरी म्हणत त्यांनी पुन्हा ती गादीची खुर्ची पुढे केली आणि चहा सांगितला.

"सिस्टर म्हणू नका, डॉक्टर," बाई म्हणाल्या. "सिस्टर म्हटलं की मी बसते. आया म्हणा, म्हणजे आत जाईन. आणि ती स्वयंपाकाची बाई उद्यापासून इकडे पाठवा, नाहीतर मी खाली साड्यांच्या दुकानात जाऊन बसते. गिऱ्हाइकं विचारतातच, वर कसं आहे म्हणून."

स्वयंपाकाची बाई दुसऱ्या दिवशी वॉर्डात आली. डॉक्टरांच्या घरी काय शिजलं ते मला कळलं नाही, कळलं असतं तर सांगितलं असतं.

शेवंतीला दर दोन तासांनी वळवायला लागले. डावी कूस, उजवी कूस, स्पिरिट, पावडर, खाली हवेची रिंग. तिच्याबरोबर बाकीचे तेराही वळायला लागले, कारण बाईंना ओळीत एकच खाट वळवायची सवय नव्हती. नॅन्सी सांगायची की मालनबाई दिवसभरात एकदाही बसत नाहीत, जेवतातसुद्धा खिडकीला टेकून. गादीची खुर्ची त्या रोज पुसायच्या मात्र.

जखम भरायला अडीच महिने लागले. त्यातल्या शेवटच्या आठवड्यात मी लवूबरोबर शेवंतीला बघायला गेलो. चारला लवू स्टुलावर बसला. शेवंतीनं डावा हात काढून त्याचं मनगट धरलं. लवूनं समोरच्या खाटेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी माणूस कसा, हे त्याला ठाऊक.

"घाला हात," मालनबाई पायथ्याशी उभ्या राहून म्हणाल्या. "सगळ्यांसमोर घाला आणि सांगा कसं लागतं ते."

लवूनं चादरीखाली हात घातला. पाठीवरून, कमरेखालून सावकाश फिरवला.

"सुका आसा," तो म्हणाला.

मग त्याला हात काढून घ्यायचा होता, पण शेवंती सोडेना. सहाची घंटा होईपर्यंत तो तसाच बसला, अख्ख्या वॉर्डासमोर, एक हात चादरीखाली. मालनबाई मोरीत जाऊन हात धुऊन आल्या, पदराला पुसले आणि मला म्हणाल्या, की निकाल ऐकलात ना, आता चाळीत जाऊन नीट सांगा, भर न घालता.