खंडेनवमीची सही

तळ्याकाठी आम्ही तिघं उभे होतो, आई, बाबा आणि मी. जर्मनीतल्या आयफेल डोंगरभागातलं हे तळं म्हणजे एका जुन्या ज्वालामुखीचं तोंड. पाण्यावर धुकं होतं, आणि काठाजवळ तळातून बुडबुड्यांच्या माळा सावकाश वर येत होत्या.

"झोपलाय, पण श्वास चालू आहे," बाबा म्हणाले.

"तुमच्यासारखाच," आई म्हणाली. "घोरत नाही एवढंच."

मी हसले, पण लक्ष खिशातल्या फोनकडे होतं. आमच्या संशोधन संस्थेत करार वाढणार की नाही, हे शेवटच्या आठवड्यापर्यंत कुणालाच कळत नाही. त्याविरुद्धचं पत्र मीच लिहिलं होतं. सगळ्या सहकाऱ्यांनी सह्या केल्या होत्या. माझी तेवढी नव्हती. माझा करार डिसेंबरात संपत होता आणि व्हिसा त्या कराराला बांधलेला. पत्र सोमवारी सकाळी संचालकांकडे जाणार होतं.

आणि मी मुलगी कुणाची? इचलकरंजीत बाबांचा छापखाना होता. यंत्रमाग कामगारांची पत्रकं तिथे छापली जात. दोरीवर वाळत घातलेल्या पत्रकांखाली बसून मी अक्षरं शिकले. बाबांचा एकच नियम: खाली नाव नसेल तर छापणार नाही. "निनावी पत्रक म्हणजे अंधारातून मारलेला दगड." हे वाक्य मी लेखांतून किती जणांना सुनावलं असेल! माझ्या पत्राबद्दल मात्र मी त्यांना काहीच सांगितलं नव्हतं.

दुपारी जवळच्या रोमन खाणीत उतरलो. ज्वालामुखीच्या राखेचा दगड झाला, आणि तो रोमन काळात माणसांनी जमिनीखाली शिरून कापून नेला. आत गारवा, पिवळट उजेड. भिंतींवर टिकावाचे तिरके वार अजून इतके ताजे, की वाटावं, माणसं आत्ताच जेवायला वर गेलीत. छत कोसळू नये म्हणून त्यांनी दगडाचेच खांब सोडले होते. बाबा एका खांबापाशी थांबले.

"हे खणणाऱ्यांची नावं विचार त्या बाईला."

मी विचारलं. वाट दाखवणाऱ्या जर्मन बाई मान हलवून म्हणाल्या, ती कुठे लिहिलेली नाहीत.

तेवढ्यात मागे आईचे हात जोडलेले दिसले. तिथे मांडून ठेवलेल्या लोखंडी टिकावाच्या पात्यावर हळदीकुंकवाची दोन बोटं उमटली होती. त्या दिवशी खंडेनवमी. छापखान्यातही ती दरवर्षी यंत्राला हळदकुंकू वाहायची, आणि बाबा तेवढा वेळ बाहेर पायरीवर पेपर वाचत बसायचे.

बाई धावत आल्या. टिकाव नवा होता, गावच्या लोहाराने नमुन्यादाखल केलेला; तरी वस्तूला हात लावला की वहीत नोंद करावी लागे. कुणी लावलं, त्याची सही हवी होती.

"अगं, सांग ना तिला, आज अवजारांचा दिवस आहे," आई कुजबुजली. तिचा चेहरा उतरला होता.

मी म्हणणार होते, आमच्या लक्षात नाही कुणी लावलं. जर्मन वाक्य जुळवूनही झालं होतं.

बाबांनी आईच्या हातातली पुडी घेतली. कुंकवात अंगठा बुडवला, आईच्या बोटांशेजारी टेकवला आणि म्हणाले, "आता मी पण लावलंय. वही आण म्हणावं."

"चाळीस वर्षं नाकं मुरडलीत," आई म्हणाली, "आणि आज हे?"

"नाक अजून मुरडलेलंच आहे. पण तू एकटीनं का सही करायची?"

दोघांनी एकाखाली एक सह्या केल्या. मराठीत. कागदाच्या कडेला लाल डाग पडला. बाईंनी तो पाहिला, वही मिटली, आणि टिकाव पुसायलाही विसरल्या.

परतीच्या बसमध्ये दोघं एकमेकांना टेकून झोपले. बाहेर बीच वृक्षांची पिवळी रांग, आणि तिच्यामधून दिसणारं तळं. मी फोनवर पत्र उघडलं. सगळ्यांच्या नावांखाली एक ओळ रिकामी होती. तिथे मी माझं नाव लिहिलं. मग पत्र सहकाऱ्यांना पाठवून दिलं.

बाबांना उठवावंसं वाटलं. त्यांचा लाल अंगठा गुडघ्यावर पडला होता. तळं मागे पडेपर्यंत मी त्या अंगठ्याकडे बघत राहिले, आणि मग त्यांना हलवलं.

"बाबा, एक सांगायचंय."