सातशे अठराचं झाकण

"दिसलं ते माझं, सांगितलं ते तुमचं."

हेस्टर डिन्सडेल दिवसातून एकदा तरी हे म्हणायचीच. गावात कुणाचं लग्न मोडल्याची बातमी बेकरीत आली तरी हेच, आणि पाद्रीबुवांनी प्रवचनात स्वर्गाचं वर्णन केलं तरी बाहेर पायरीवर हेच. पाद्रीबुवा हसायचे, पण पुढच्या रविवारी जरा जपून बोलायचे.

स्केलबेकमध्ये तिची बेकरी होती. नवरा गेल्यावर भट्टी तिनं एकटीनं चालवली. पहाटे तीनला भट्टी, सहाला दुकान, आणि एकच्या सुमारास शेवटचा पाव विकला गेला की ॲप्रनवरच कोट चढवून ती टेकडी चढून माझ्या शेतात यायची.

माझ्या शेताच्या वरच्या कडेला दगडी गडगा आहे आणि गडग्यापलीकडे रूळ. घाटाचा चढ तिथंच लागतो. इंजिन कितीही दांडगं असो, तिथं त्याला धाप लागते आणि त्याची चाल माणसाच्या चालीवर येते. इंजिनाचा नंबर वाचायला याहून चांगली जागा उभ्या यॉर्कशरमध्ये नव्हती. शेत माझं म्हणून सांगत नाही. लांबलांबून माणसं यायची ती उगाच नाही. पोरं यायची, दोन कारकून यायचे, पोस्टमन विल्फ्रेड यायचा. बायकांत एकटी हेस्टर.

"हेस्टर, घरी धुणंबिणं नाही का गं?" विल्फ्रेड पहिल्या पहिल्यांदा विचारायचा.

"आहे की, दोरीवर वाळतंय. तुझं बायको धुते, म्हणून धुणं वाळायला वेळ लागतो हे तुला ठाऊक नाही."

मीही एकदा विचारलं होतं, की लोखंडात एवढं काय बघतेस. तिनं माझ्या मेंढ्यांकडे बोट केलं. "तू यांना तोंडावरून ओळखतोस ना, आयझॅक? मला तर या सगळ्या सारख्याच दिसतात." पुढं मी तो प्रश्न विचारला नाही. इंजिन वळणापलीकडे असतानाच ती नुसत्या फुसफुशीवरून सांगायची, हे कुठल्या जातीचं, किती चाकांचं आणि याचं काय दुखतंय. फिटर लोक तिचं ऐकायचे.

आमच्याकडे या छंदाची एक रीत आहे. एक छापील वही मिळते. तीत देशातल्या झाडून साऱ्या इंजिनांचे नंबर असतात, कुठलं इंजिन कुठल्या शेडचं, म्हणजे कुठल्या इंजिनघरात मुक्कामाला, त्याप्रमाणे पानंही असतात. इंजिन दिसलं, की त्याच्या नंबराखाली रेषा मारायची. रेषा पट्टीनं मारायची, लाल शाईनं मारायची, आणि स्वतःच्या डोळ्यांनी नंबर वाचल्यावरच मारायची. न पाहिलेल्या इंजिनाखाली रेषा मारणारा माणूस आमच्या लेखी मेंढीचोराच्या एक पायरी खाली. मेंढीचोर निदान रात्री डोंगर तरी चढतो.

एकोणीसशे सदुसष्ट सालची ही गोष्ट. वाफेच्या इंजिनांचे दिवस भरले होते. मे महिन्यात स्केलबेकच्या शेडला कुलूप लागणार, असं ठरलं होतं. शेडच्या पानावर एकोणतीस इंजिनं. हेस्टरची अठ्ठावीस झाली होती. राहिलं होतं फक्त सातशे अठरा. ते खाणीच्या गाडीला जुंपलेलं असायचं आणि पहाटे चारला माझ्या गडग्याजवळून चढायचं. त्या वेळी हेस्टरचे हात कोपरापर्यंत कणकेत. दोन वर्षं ती भट्टीपाशी उभी राहून त्याचा आवाज ऐकत होती. आवाज ऐकणं म्हणजे बघणं नव्हे, आणि भट्टी सोडली तर गाव उपाशी.

मार्चमध्ये एका दुपारी अडीचला खडीची मालगाडी आली. पुढच्या इंजिनाच्या तोंडावर जे मोठं गोल झाकण असतं, त्यावरच्या पाटीवर स्वच्छ नंबर होता, सातशे अठरा. विल्फ्रेडनं पाहिला, मी पाहिला, हेस्टरनं पाहिला. नेहमी ती नंबर दोनदा वाचायची. एकदा तोंडावर, एकदा कॅबच्या, म्हणजे ड्रायव्हर उभा राहतो त्या खोक्याच्या, बाजूला. त्या दिवशी खालून वाफ अशी सुटली, की कॅब कापसात गुंडाळल्यासारखी गेली. पण पाटी तर वाचली होती. हेस्टर माझ्या गडग्यावर बसली. पट्टी मी धरली, रेषा तिनं मारली.

विल्फ्रेडच्या तोंडी बातमी गावभर झाली. आमच्याकडे इंजिनमंडळ होतं. शुक्रवारी वाचनालयाच्या माडीवर भरायचं. अध्यक्ष सिरिल ऑल्डरसन, बँकेतला कारकून, टाय इतका घट्ट बांधायचे की शब्द गाळून बाहेर पडायचे. याच मंडळानं अकरा वर्षं हेस्टरला सभासद करून घेतलं नव्हतं. बाईमाणसाला इथं अवघडल्यासारखं होईल, म्हणे. आता गावात पहिल्यांदा कुणाचं तरी पान भरलं होतं आणि ते माणूस बाई निघालं. करणार काय? शेड बंद होण्याआधी स्टेशनच्या भिंतीवर पितळी फलक लावायचा, त्यावर तिचं नाव कोरायचं, असं ठरलं. फलक तयार झाला. शुक्रवारी माडीवर तो तिच्या हाती देऊन फोटो काढायला वर्तमानपत्राचा माणूस येणार होता.

गुरुवारी शेडमधला फिटर नॉरिस पाव घ्यायला बेकरीत गेला. मी तिथंच होतो, मेंढ्यांसाठी शिळे तुकडे न्यायला.

"फलक लागतोय म्हणे, हेस्टर."

"लागू दे. अकरा वर्षं खिळा शोधत होते."

"पण सातशे अठरा तुला दिसलं कुठं? ते तर फेब्रुवारीपासून भंगारात पडलंय, खाली खाडीवर."

"खडीच्या गाडीला होतं. मी पाटी वाचली."

नॉरिस हसला. "ते सातशे सहा गं. त्याच्या तोंडावरचं झाकण तडकलं, म्हणून सातशे अठराचं काढून त्याला बसवलं. पाटी झाकणालाच असते. आता दोन महिन्यांसाठी ती कोण बदलत बसतंय?"

नॉरिसनं एक पाव मागितला होता, हेस्टरनं दोन दिले. मला तुकडे द्यायला ती विसरली.

"नॉरिस काही कुणाला सांगायचा नाही," तो गेल्यावर मी म्हणालो. "आणि मी तर मेंढ्यांशीच बोलतो."

"मला कळलंय ना," ती म्हणाली. "एवढे लोक पुरे."

शुक्रवारी माडीवर उभं राहायला जागा नव्हती. फलक हिरव्या कापडावर ठेवला होता. ऑल्डरसन बोलायला उठले, तोच हेस्टर म्हणाली, "बसा जरा. मी सातशे अठरा पाहिलेलं नाही." आणि नॉरिसनं सांगितलेलं सगळं तिनं सांगून टाकलं.

मागून कुणीतरी खोकलं. ऑल्डरसननी टाय चाचपला.

"मिसेस डिन्सडेल, मंडळाचा नियम साधा आहे. नंबर दिसला, की इंजिन दिसलं. नंबर तुम्हाला दिसला."

"मला झाकण दिसलं."

"झाकणावर नंबर होता."

"उद्या मी तुमची टोपी घालून बँकेत गेले, तर मला तुमच्या खुर्चीत बसवतील का?"

"बसवतील, हेस्टर," विल्फ्रेड म्हणाला. "आणि तू बँकही पहाटे सहाला उघडशील." लोक हसले. ऑल्डरसन हसले नाहीत.

"हे बघा," ते खालच्या आवाजात म्हणाले, "फलक कोरून झालाय. फोटोवाले आलेत. अकरा वर्षांत मंडळानं तुमच्यासाठी पहिल्यांदा काही केलंय, त्याचा तरी मान ठेवा. हा नियम तुमच्याच बाजूचा आहे."

"नियम माझ्या बाजूचा आहे, पण इंजिन नाही," हेस्टर म्हणाली. "आणि अकरा वर्षं तुमच्या नियमानं मी जिन्याखाली उभी होते. आज त्याच नियमाच्या खांद्यावर बसून मला भिंतीवर चढायचं नाही."

तिनं वही उघडली, पर्समधून दाढीचं जुनं पातं काढलं आणि सगळ्यांसमोर ती लाल रेषा खरवडली. एवढी माणसं होती, पण कागदाचा करकर आवाज शेवटच्या बाकापर्यंत गेला. फोटोवाल्यानं फोटो काढला नाही. कशाचा काढायचा हे त्याला कळेना.

जिना उतरताना तिनं मला गाठलं. "आयझॅक, उद्या तुझी व्हॅन आहे?"

"एक मेंढी पोचवायचीय खाडीकडं. पण उद्या शनिवार, बाजाराचा दिवस."

"ठाऊक आहे मला."

त्या शनिवारी स्केलबेकची बेकरी बंद होती. गावात दोन युद्धं आली आणि गेली, पण शनिवारी बेकरी कधी बंद नव्हती. बायका बंद दारासमोर टोपल्या घेऊन उभ्या राहिल्या. आम्ही समोरून व्हॅननं गेलो, तर हेस्टरनं काच खाली केली. "सोमवारी या. आज मला काम आहे." तिनं रविवारी चॅपेलात प्रार्थनेला घालायची निळी टोपी घातली होती.

भंगाराचं आवार खाडीच्या काठाला, पत्र्याच्या कुंपणात. भोवती पोरं घुटमळत होती. कुंपणाला मागल्या बाजूनं भोक होतं. आमचे छंदी लोक वर्षानुवर्षं असल्या भोकांतूनच आत शिरत आले. एका पोरानं हेस्टरला ते दाखवलंही.

"तुम्ही जा त्यातून," ती म्हणाली. "माझ्या डोक्यावर टोपी आहे."

आणि ती सरळ फाटकावर गेली. मुकादम चहाचा मग घेऊन आडवा आला. भला थोरला माणूस, भुवया जळालेल्या.

"बाई, परवानगीचा कागद?"

"नाही."

"मग सोमवारी ऑफिस उघडल्यावर या."

"सोमवारपर्यंत तुम्ही त्याच्या किटल्या करून ठेवाल. मला सातशे अठरा बघायचंय."

"बघायचंय म्हणजे? काय न्यायचंय?"

"काही नाही. बघायचंय."

"आत बायकांना सोडत नाही. पायाखाली लोखंड आहे."

"पंचवीस वर्षं माझ्या पायाखाली भट्टीचे निखारे उडतायत. हे बघा, मी आत येणार. तुम्हाला मला अडवायचं असेल, तर हात लावावा लागेल, आणि त्यासाठी हातातला चहा आधी खाली ठेवावा लागेल."

मुकादमानं मगाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. चहा गरम होता. तो बाजूला झाला.

सातशे अठरा शेवटच्या रुळावर होतं. तोंडावर झाकण नव्हतं. तिथं नुसतं काळं भोक, आत पावसाचं पाणी साचलेलं. दोन गॅसकटरवाले नळ्या सोडवत होते. दहा मिनिटांत त्याच्यावर ज्योत लागली असती. बाजूनं कॅब होती, पण तिच्यावर काजळी आणि गंज, नंबर म्हणून काही दिसत नव्हतं.

"हेच ते," एक कटरवाला म्हणाला. "आमच्या यादीत आहे."

"असेल," हेस्टर म्हणाली.

तिनं हातमोजा काढला आणि त्यानंच कॅब घासायला लागली. आधी काळं निघालं, मग तांबडं, मग हिरवं. साताचा आडवा दांडा दिसला. मग एक. आठाला फार वेळ लागला. तिनं रुमाल ओला केला तो त्या भोकातल्याच पाण्यात. मी जवळ जाऊन पट्टी धरू लागलो, तर म्हणाली, "थांब, अजून अर्धा आठ आहे, तीनही असू शकतो." पुरता आठ झाल्यावर तिनं वही उघडली. कागद खरवडल्यानं तिथं पातळ झाला होता. तिनं हलक्या हातानं रेषा मारली. शाई थोडी फुटली.

मग ती इंजिनाभोवती एक फेरी चालली, सावकाश, प्रत्येक चाकापाशी थांबत. 

मुकादम मागून आला होता. "बाई, हवा तर नंबराचा तेवढा पत्रा कापून देतो. घरी लावा भिंतीवर."

"नको. मी बघायला आले होते."

"तुमची खूण म्हणून हो."

"खूण तुम्हालाच राहू दे. त्याला शेवटचा हात तुमचाच लागणार आहे."

काळा झालेला हातमोजा तिनं परत हातात चढवला. मी व्हॅनचं दार उघडलं. आत मेंढी ओरडत होती.

"तू आधी तिला पोचव," हेस्टर म्हणाली. "मी स्टेशनपर्यंत चालत जाते. पावणेबाराची गाडी आहे, पुढं कुठलं इंजिन आहे बघते."

रुळांच्या कडेनं, खाडीच्या वाऱ्यात एका हातानं टोपी धरून ती निघाली. मुकादम फाटक धरून उभा होता, चहा विसरून. कटरवाल्यांनी चष्मे कपाळावर चढवले होते. पोरं कुंपणाच्या भोकातून डोकी काढून बघत होती, आणि मी व्हॅनचं दार तसंच उघडं ठेवून.